बिजागरीचं तेल

हीरकमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी
सिस्टर एलिशाने दोन कोरे कागद आणून दिलेत.
"मदर पर्पेतुआंच्या जीवनातून आपण काय शिकावं,
मुद्देसूद लिहा, सिस्टर. दहा मुद्दे पुरेत."
मुद्देसूद हा शब्द ती दोनदा म्हणाली.
तिला पाहिलेली आता मी एकटीच उरले,
तीही एका कानाने.

बाई ठेंगणी. घोरपडीच्या रेल्वे फाटकापाशी
भाड्याच्या दोन खोल्या, चार पोरी, एक स्टोव्ह,
एवढ्यावर मंडळ उभं राहिलं, असं पुस्तिकेत आहे.
स्टोव्ह उसना होता, हे पुस्तिकेत नाही.
तो मागायला डिकास्टाबाई आल्या
की आमची संस्थापिका न्हाणीघरात लपायची
आणि आतून जपमाळ ओढायची, मुद्दाम मोठ्याने.

ससूनमध्ये ज्यांना न्यायला कुणी येत नाही
त्यांच्या खाटेपाशी बसायची. बोलायची नाही फारसं.
नखं कापायची.
"मरणाऱ्याला काय सांगायचं ते देव सांगेल,
नखं काही तो कापणार नाही."
हा मुद्दा होईल का? नखं?

प्रार्थनेत काय होतं, मी एकदा विचारलं.
कांदा चिरत होती. म्हणाली,
"अकरा वर्षं झाली, पलीकडून कुणी उचलत नाही.
पण रिंग जाते आहे.
म्हणजे लाइन तोडलेली नाही अजून."
आणि कांद्यानेच असेल, डोळे पुसले.

दर शनिवारी मिस्सेनंतर
खोबरेल तेलाची वाटी घेऊन ती दाराशी उकिडवी बसायची.
बिजागऱ्यांना तेल. खालची, मधली, मग स्टुलावर चढून वरची.
उशिरा येणाऱ्याचा अर्धा जीव
दाराच्या करकरण्यातच जातो म्हणे.
हे सगळ्यांना आवडतं. नोव्हिसांना शिकवतात.
भिंतीवर लावलंय फ्रेम करून.

तेल कधीपासून, ते मात्र कुणी विचारत नाही.

देवीची साथ होती. थंडी सरत आलेली.
रात्री दार वाजलं.
बाईचा आवाज, तिच्या खांद्यावरून लहान मुलाचा.
"उघडा हो आई, याच्या अंगावर उठलंय."
तिघी झोपलेल्या. मी जागी.
मदर गेली, कडीवर हात ठेवला,
आणि मान वळवून आमच्याकडे पाहिलं, एकेकीकडे,
महिनाअखेरीला बाई नोटा मोजते तसं.
कडी तिने काढली नाही.

मग मालगाडी आली. लांबलचक होती.
ती गेल्यावर बाहेर आवाज नव्हता.

सकाळी फाटकवाल्याला विचारलं, ससूनला विचारलं,
नायडू हॉस्पिटलला पायी जाऊन आली.
चार दिवस. तशा बाया पुष्कळ, मुलंही पुष्कळ.
पापनिवेदनात फादरांनी क्षमा दिली.
तिने ती घेतली, घडी घालून ठेवली,
वापरली नाही कधी.
शनिवारी पावाच्या सुरीने कडीचे स्क्रू काढले,
भोकांत मेणबत्तीचं मेण भरलं,
आणि वाटीत तेल ओतलं.

त्या पाहण्यातली एक नोट मी.
अठ्ठ्याहत्तर वर्षं चाललेय.
तिने उघडलं असतं तर हे लिहायला
कदाचित कुणी नसतं,
किंवा असतो तो मुलगा, आणि त्याचे दहा मुद्दे.
बिशप हाऊसच्या फादरांनी चमत्कारांची यादी मागवलीय.
यात मी काय भरू?

आज शनिवार. वाटी घेऊन खाली आले.
नव्या इमारतीचं दार काचेचं,
माणूस दिसला की आपोआप सरकतं.
त्याला बिजागरीच नाही.
वॉचमन सोनकांबळे खुर्चीवरून उठला.
"काय शोधताय, सिस्टर? छान आहे दार.
फक्त रात्री दहानंतर लॉक होतं."

मी त्याला विचारलं,
किल्ली कुणाकडे असते.