बॅटरी धरणारा

आधी कबूल करून टाकतो: ते चालत होतं.
करड्या डबीतला शेवाळी पडदा
सेल घातले की टिंग करून उठायचा,
तीस वर्षांनंतरही.
मीच त्याला सुधारायला गेलो.

पाठीमागचा चंदेरी वर्ख ब्लेडने सोलला,
कोपऱ्यापासून, श्वास धरून.
गोंद राहिला. गोंद नेहमीच राहतो.
स्पिरिटचे बोळे, नखं, पुन्हा बोळे,
रविवार त्यातच गेला.
मग मागे दिव्याची पातळ पाटी सरकवली, दोन तारा जोडल्या,
लाल अधिक, काळी उणे,
बटण दाबलं
तर उजेडच उजेड,
आणि त्यात सात उभ्या रेघा बेपत्ता,
जुन्या फणीचे दात मोडावेत तशा.
वर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं.

मुलगी म्हणाली, बाबा, नवं मागवा ना,
तीन हजारांत येतं, आत हजार खेळ असतात.
म्हटलं, हे माझं नाही गं.

हे ब्राझिन्यूचं.
त्याचा पाय तारवटी. एक्याण्णवच्या मे महिन्यात
त्याने हे योकोहामाहून आणलं,
बरोबर चॉकलेटं आणि एक आपोआप उघडणारी छत्री.
संध्याकाळी त्यांच्या बाल्कांवात आम्ही दोघे.
पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता,
आणि शिवोलीतली वीज म्हणजे पाहुणी.
तो खेळायचा. मी बॅटरी धरायचो.
जरा डावीकडे. अरे, काचेवर चमकतं.
हां, तिथंच. आता हलू नको.
डास चावला तरी हलायचं नाही.
विटा वरून पडायच्या, ओळ भरली की नाहीशी,
आणि मी समोर बसून ते सगळं उलटं बघायचो:
विटा खालून वर चढताना.
आजही मला तो खेळ उलटाच कळतो.

मग पोर्तुगालचे कागद झाले, ते स्विंडनला गेले.
निघताना म्हणाला, तुझ्याकडे राहू दे,
आल्यावर घेतो.

म्हापशाला टीव्ही दुरुस्त करणारा उसगावकर
चष्मा कपाळावर ढकलत म्हणाला,
रेघ मेलेली नसते हो, सुटलेली असते.
खालच्या पट्टीला शेक द्या.
भाजायचं नाही. नुसती धग.

सोल्डरगनचं टोक त्या पट्टीवरून नेलं,
डावीकडून उजवीकडे, आजारी माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा
इतपत जोराने.
एक रेघ उठली.
खूप वेळाने दुसरी.
मी टेबलापाशी एकटाच टाळ्या वाजवल्या.

गॉगलच्या काचेसारखी ती काळी फिल्म
चौथाई वळवली, तेव्हा काळं काळं झालं.
सेलच्या घरात खाऱ्या हवेने हिरवं चढलेलं,
ते माडाच्या विनागरीने पुसलं.
बायकोने आतून विचारलं, लोणचं घालताय की काय?
एक धुळीचा कण काचेआड बसला होता.
तीनदा उघडून हाकलला,
चौथ्यांदा म्हटलं, रहा बाबा.

सातातल्या सहा आल्या.
डावीकडून तिसरी येत नाही.
वीट तिच्यामागून जाते तेव्हा क्षणभर चिरते,
आणि पलीकडे, काही न झाल्यासारखी, अख्खी निघते.

शुक्रवारी ब्राझिन्यू मोपाला उतरतो.
केस गेले म्हणतो, गुडघा बदललाय.
बाल्कांवात बसेल, काळोखात, एकटाही,
तोंडावर शेवाळी उजेड घेऊन,
आणि त्याला कुणी लागणार नाही.
हे माझ्या लक्षात आलं
स्क्रू पिळून झाल्यावर.

रात्री सोल्डरगन पुन्हा तापवली.
लाल तार सुटी करायला अर्धा मिनिट पुरे.
टोक धूर सोडत राहिलं, मी बघत राहिलो,
मग बंद केली.

बॅटरीतले सेल तेवढे
नवे घालून ठेवलेत.