मूळ स्थितीत

सोहारला आले तेव्हा
घरामागच्या अंगणात बादलीभर पाणी ओतलं
आणि नाडी मोजताना बघतात तशी
घड्याळात बघत उभी राहिले.
चार सेकंद.
वाळूनं पाणी प्यायलं आणि वर तोंडही पुसलं.

आमच्या रावेरची जमीन काळी,
पाय रुतला तर चप्पल ठेवून घेते.
ही कुणाचंच काही ठेवत नाही,
पाणी नाही, पावलं नाहीत.

घरमालक खमीस म्हणाला, सिस्टर, केळी? इथे?
सलालाला जा.
मी गेले नाही. सलालाहून येणाऱ्या ट्रकवाल्याला सांगून
दोन मुनवे मागवले, ओल्या गोणपाटात.
पहिला उन्हाळा दोघांनीही पाहिला नाही.

मग उलटीकडून सुरुवात केली.
आधी खड्डा, केळ नंतर.

इथं वादी म्हणजे कोरडी नदी.
आमच्याकडचा वादी कोर्टात तारखा घेत बसतो,
ही वर्षातून एकदाच हजर होते,
आरडाओरडा करून निघून जाते.
मागे गाळ राहतो, पापडासारखा तडकलेला.
पाच शुक्रवार तो पोत्यांत भरला.

लेंड्या मुनीरनं दिल्या. खमीसच्या शेळ्या तोच राखतो,
चितगावचा.
म्हणाला, आपा, गरम आहेत, चार महिने झोपू दे.
सुगुणनच्या हॉटेलातून चहाचा चोथा आणला,
त्यात साखर होती हे मुंग्यांना आधी कळलं,
ओळीनं स्वयंपाकघरात आल्या.
तेव्हापासून चोथा धुऊन.
मासळीबाजारातून तारल्यांची डोकी:
हातभर खोल पुरली, मांजरांनी उकरली.
कंबरभर पुरली.
खजुराच्या झावळ्या कापून वर अंथरल्या,
खोक्यांचे पुठ्ठे भिजवून खाली,
आणि रात्रपाळीहून आल्यावर रोज
एसीच्या नळीखालची बादली.
विहिरीचं पाणी खारट. हे तेवढं गोडं,
खोलीतल्या हवेचाच घाम.

मुदत संपलेला, कुणालाही न टोचलेला
सलाईनचा एक संच होता माझ्याकडे.
बादलीला लावला.
मिनिटाला वीस थेंब.
पेशंट काही बोलत नव्हता.

सातव्या महिन्यात झावळी उचलली
तर खाली पांढरे धागे, बुरशीचे,
आणि वास.
तो लिहिता येणार नाही.
आणि एक गांडूळ, बोटाएवढं, गुलाबी.
याला व्हिसा कुणी दिला?

नवे मुनवे लागले. शमाल वारा सुटला
तशी पानांची झाली फणी, दातादातांतून वाळू.
एक मुनवा गेला.
दुसऱ्यानं चौदा महिन्यांनी मान खाली घातली,
जांभळं कमळ बाहेर काढलं
आणि एकेक पदर मागे टाकत गेला.
सात फण्यांचा घड.
एक फणी मुनीरला, एक सुगुणनला,
खमीसच्या आईनं दोन नेल्या, न विचारता.
मग आईझाड कापून तिथंच पसरलं,
सोपटासकट. खड्ड्याचं खड्ड्याला.

हॉस्पिटलनं यंदा करार वाढवला नाही.
खमीस कागद घेऊन आला,
चष्मा शोधला, कलम अकरा वाचलं:
जागा मूळ स्थितीत परत करावी.

मी म्हटलं, फावडं आण.
गाळ काढू, चोथा काढू,
लेंड्या मुनीरला परत देऊ,
डोकी समुद्राला.
तुझी वाळू खाली आहे अजून, तशीच.

तो हसला नाही.
मांडी घालून बसला बुंध्याशी, पांढऱ्या दिशदाशासकट,
मूठभर माती घेतली, आवळली,
मूठ उघडली.
गोळा तसाच राहिला तळहातावर.
बोटानं टोचला, तेव्हा हळूच फुटला.

बुंध्याला लागून आलेले तीन मुनवे मोजले त्यानं.
दोन काढून टाक, मी म्हटलं, एकच ठेव.

कागद दुमडून खिशात घातला.
नळीकडे बघत विचारलं,
थेंब किती?

वीस.
जूनमध्ये तीस.