वरचे पाच टक्के

दाजी गिरपांच्या काजू कारखान्यात
चार वर्षं मी हिशेब लिहिला.
आता बंगळुरातली एक मॅनेजमेंटची शाळा
त्यांना विचारते आहे, मी कशी आहे.

"तू लिव, मी सही करतंय,"
म्हणाले, आणि गरांच्या ढिगात हात घातला.

पहिलं पत्र कॉलेजातून आलं होतं.
त्यात माझं आडनाव कुबलऐवजी कुडाळकर.
मागच्या कुणाचं तरी.
ती गेली का तिकडे, एवढंच मनात आलं.

रात्री जेवणं झाल्यावर
स्वतःची स्तुती लिहायला बसले.
'अत्यंत' लिहिलं, खोडलं.
दाजींच्या आवाजात स्वतःला 'ही मुलगी' म्हटलं
आणि कानशिलं तापली,
पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी धरताना
तापली होती तशी.

फॉर्मवर चौकटी:
नेतृत्वात वरचे दोन टक्के, वरचे पाच, सरासरी.
दाजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"हापिसात माणसां किती? तू, मी
नि रजेवर गेल्लो भिकाजी.
तिघांतले पाच टक्के म्हंजे तुझी करंगळी."

मग अंगठ्याने एक गर उलटवत,
"हो दोनशेचाळीस. पौंडात तितके बसतत.
फुटलो तर पाकळी, पाकळी फुटली तर कणी.
हेचा बघून सांगूक येता.
माणसाचा फोडल्याशिवाय कळणा नाय."

शेवटचा प्रश्न:
अर्जदाराला तुम्ही दिलेला सर्वांत कठोर सल्ला,
आणि तिचा प्रतिसाद.

पलीकडे बायका काळी बोटं राखेत बुडवून
टरफलं फोडत होत्या. टक्. टक्.
"काट्याचा लिव," दाजी म्हणाले.

काट्याचं मी कुठेच लिहिलं नव्हतं.
त्या मे महिन्यात काटा किलोमागे वीस ग्रॅम खात होता,
आणि मजुरी वजनावर.
मी वहीत फरक मांडला
आणि आधी मर्सेलिनला सांगितलं, मग दाजींना.
तीन दिवस कारखाना बंद.
फरक मिळाला. दाजी माझ्याशी
दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

"आदी माका सांगूक होया होता. ह्यो सल्लो.
नि तू काय म्हटलंस?
'परत झाला तरी तसाच करतलंय.'
तसाच्या तसा लिव."
इंग्रजीत ते अर्ध्या ओळीत मावलं.

मर्सेलिन म्हणाली, माझाय पत्र घाल.
तिच्या सव्वीस वर्षांना फॉर्ममध्ये हुद्दा नव्हता.
"सांग तेंका, चेडवाक आकडे वाचूक येतत.
मोठ्यान वाचूक येतत."
ते कुठल्याच चौकटीत टाकता आलं नाही.

दाजींचा ईमेल पुतण्याने उघडलेला,
पुतण्या मस्कतला, कोड त्याच्या फोनवर.
मुदत रात्री बारापर्यंत.
बंदरावरच्या धक्क्यावर रेंज मिळते म्हणून
आम्ही दोघं तिथे, अकरा वाजून चाळीस,
जाळी विणत बसलेले तांडेल
आमच्याकडे बघताहेत,
आणि दाजी फोनमध्ये ओरडताहेत
"सात! सात काय साठ?"

हिरव्या अक्षरांत आलं: मिळाले.

परतताना बराच वेळ गप्प.
मग, "शनवारची मजुरी कोण काढतलो?"
म्हटलं, अजून निवड कुठे झाली आहे.
"होतली,"
एखाद्या भिजलेल्या पोत्याबद्दल बोलावं
तसं ते म्हणाले.