बार्गल

पिटनवीमला, स्कॉटलंडच्या पूर्वकडेला,
शब्द वेचायला एक माणूस आला होता.
लॅकलन डॉड्स.
कोशकचेरीतला; खिशात कोरी कार्डं, कानामागे पेन्सिल.

सामाईक हिरवळीवर दोरीखाली
ग्रिझेल आणि युफी चादरी वाळत घालत होत्या,
म्हणजे घालत नव्हत्याच.
मंगळवार कुणाचा, यावर अडून बसल्या होत्या
आणि पिळलेल्या चादरी बादलीत तशाच.

याला इथं काय म्हणतात, त्यानं विचारलं.
"आर्गल-बार्गल," दोघी एकदम म्हणाल्या
आणि आधी कोण म्हणालं, यावरून पुन्हा जुंपली.

त्यानं लिहून घेतलं:
आर्गल. 'आर्ग्यू'चंच रूप,
बंदरावरच्या तोंडांत घोळून गोट्यासारखं गुळगुळीत झालेलं.
बार्गल.
इथं पेन्सिल थांबली.
कारण बार्गल म्हणजे काही नाही.
चहाबिहामधला बिहा.
पुढच्याला वेडावत मागून येणारं,
एकटं कुणी उच्चारत नाही असं.

"म्हणजे आर्गल मी," ग्रिझेल म्हणाली.
"हो, तू आधी मरशील त्या हिशोबानं," युफी.

'ए'चा खंड छापून झाला.
'बी'मधलं एक कार्ड अडलेलंच होतं.
चार वर्षांनी लॅकलन परत आला तेव्हा
मंगळवार होता, वारं चांगलं सुटलेलं,
दोरी रिकामी.

युफी आत. चादरी आत,
चुलीपुढं दोन खुर्च्यांच्या पाठींवर,
खोलीभर ओला साबण.

ग्रिझेल जानेवारीत गेली.
आता सातही वार तुझेच की, तो म्हणाला.
युफीनं चादरीचा कोपरा ओढून सरळ केला.
"मंगळवार तिचा.
हे लिहू नकोस."

त्यानं लिहिलं नाही.
कार्डावर एवढंच घातलं:
बार्गल. पाहा: आर्गल.

तिनं चष्मा पुसला, कार्ड खिडकीशी नेलं,
बराच वेळ धरून ठेवलं.
"स्पेलिंग चुकलंय तुझं," शेवटी म्हणाली,
"शेवटी ई हवा, तो कुठाय?"

ई राहिलाच होता. त्याला दिसत होतं.
बाहेर फेरीवाला मासे ओरडत गेला,
किटलीचं झाकण थडथडायला लागलं.

लॅकलननं खुर्ची पुढं ओढली.
"छे," तो म्हणाला, "बरोबर आहे."