समासात

माझा दवाखाना दहा बाय बारा,
टेंभीपाडा रोडच्या चढावर.
एका अंगाला चिकनचं दुकान, दुसऱ्या अंगाला मोबाईल दुरुस्ती.
बाकडं एक. त्यावर पाच माणसं बसतात,
सहावा उभ्यानं खोकतो.

संशोधन मोठ्या इस्पितळात होतं, असं मी शिकले होते,
जिथं माणूस पोचतो तो बहुतेक शेवटी शेवटी.
इथं तो त्याच्या बराच आधी येतो,
चक्कर येते म्हणून, सुई द्या म्हणून,
कधी नुसताच पंख्याखाली बसायला.

आता आम्ही चौदा दवाखाने मिळून नोंदी ठेवतो.
मुलुंडचे वेलिंग, कांजूरची प्रिस्का लोबो,
बैंगनवाडीत रात्री साडेअकरापर्यंत शटर वर ठेवणारे अन्सारी.
मी सात नंबर.
दर शुक्रवारी परळहून मृण्मयी येते,
हेल्मेट काढायच्या आत विचारते, "डॉक्टर, नमुना चार?"

नमुना चार म्हणजे रक्तदाब.
रुग्ण गोळी रोज घेतो का? होय. नाही.
दोन चौकोन.

हौसाबाई तुपसुंदरना संमतीपत्र वाचून दाखवलं:
तुमचं नाव कुठंही येणार नाही.
"का? म्या काय चोरी केली?
घाला की नाव. जन्मात कुठं छापून आलं न्हाई."
समजावता समजावता
बाकड्यावरचा एक ताप उठून निघून गेला.
शेवटी त्या झाल्या शून्य सात, शून्य एक्केचाळीस.

गोळी रोज घेता?
"व्हय."
रोज?
"सांगितलं न्हवं, रोज."
दाब एकशे सत्तर.
दंडाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. तोच आकडा.
मग उठता उठता, पायानं चपला शोधत म्हणाल्या,
"अर्धी मी, अर्धी ते.
त्यांचंबी डोकं गरगरतं. दोघांची कुठली परवडती?"

होय? नाही?
पेन दोन्ही चौकोनांवरून फिरून आलं.
मी डावीकडे, समासात, लिहिलं: अर्धी. नवऱ्यासोबत.
आणि थोडी लाज वाटली,
आखलेल्या जागेबाहेर उत्तर लिहिणाऱ्या पोरीसारखी.

तिमाही बैठक पालिकेच्या शाळेत, रविवारी.
चौदा डॉक्टर सातवीच्या बाकांत गुडघे अडकवून.
फळ्यावर शनिवारचं मराठी पुसायचं राहिलेलं:
समासाचे प्रकार. द्वंद्व. नवराबायको, मीठभाकर,
पुढं खडू संपला असावा.

मृण्मयी म्हणाली, आकडे छान आहेत. चौऱ्याऐंशी टक्के होय.
पण दाब उतरत नाहीये.
गोळी कमी पडतेय का? वाढवायची का?
कुणी बोलेना.
मग अन्सारी, चष्मा कपाळावर सरकवत:
"मी कडेला काहीतरी लिहिलं होतं. माफ करा, जागा नव्हती."
प्रिस्कानंही. वेलिंगांनीही,
त्यांचं अक्षर त्यांनाच लागेना.
कागद उलटेसुलटे झाले.
अर्धी, बहिणीबरोबर.
एक दिवसाआड.
सासूला देते.
पगार होईपर्यंत अर्धी.
आणि आम्हा प्रत्येकाला वाटत होतं,
हे आपल्याच गल्लीतलं.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत.
वेलिंग एवढंच म्हणाले,
"तीस वर्षं मी डोस वाढवत आलोय."

नमुना पाच आलाय. त्यात नवा चौकोन:
गोळी कुणाबरोबर वाटून घेता?
हौसाबाईंना वाचून दाखवला.
"ह्ये त्यांना कुणी सांगितलं?"
तुम्हीच. शून्य एक्केचाळीस.
त्या जराशा हसल्या, पदर सारखा केला,
मग म्हणाल्या, "म्हंजी आता दोन मिळणार?"

मृण्मयीनं वर अर्ज केलाय. उत्तर नाही.
हौसाबाई बसून आहेत. पंखा फिरतोय.
नमुना पाचला समास जरा कमीच सोडलाय,
त्यांचा प्रश्न मावायला
अक्षर बारीक काढावं लागतंय.