इतिवृत्तात न आलेलं

थॉर्नगार्थ. बुधवार, संध्याकाळचे सात.
हजर: नऊ सभासद, बाहेरचे साठएक लोक,
आणि भिंतीपलीकडे समुद्र,
ज्याची हजेरी घ्यायची पद्धत नाही.

विषय क्रमांक चार.
गोल्फ क्लबाला आत, टेकडीमागे हलवायला
चार लाख पौंड, कौन्सिलच्या तिजोरीतून.
अठरातली साडेपंधरा भोकं उरलीत.
सोळाव्याची निम्मी हिरवळ मार्चात एका रात्री
कड्याखाली गेली, झेंड्यासकट.

कप्तान हॅरप बोलले. नकाशा उलटा धरलेला,
कुणी सांगितलं नाही.
वारसा, म्हणाले. पर्यटक. आजोबांच्या आजोबांनी लावलेलं गवत.
आम्ही काही भीक मागत नाही.
मी लिहिलं: श्री. हॅरप यांनी भूमिका मांडली.

मागून मासे तळणारा टॉबी गेल:
बाराशे पौंड वर्गणी तुमची,
फाटकातून आमचं कुत्रंसुद्धा आत येत नाही,
आणि बुडायची वेळ आली की
आपण सगळे एकाच गावचे होय?
टाळ्या. टाळ्या इतिवृत्तात घेत नाहीत.

मग विनिफ्रेड स्टॅमर उठल्या.
हॉल गप्प झाला, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.
क्लिफ लेन, शेवटचं घर.
आधी कुंपण गेलं, मग कोबीचा वाफा,
मग न्हाणीघराच्या भिंतीला हात जाईल एवढी फट.
घर पडायच्या आत पाडून घ्यायचं, असा नियम.
पाडायचा खर्च मालकाचा.
ते बिल मीच टाइप केलं होतं.
पाच हजार नऊशे. खाली एक ओळ माझ्या पदरची:
हप्ते चालतील.

त्या बिलाबद्दल बोलल्याच नाहीत बाई.
म्हणाल्या, माझा पियानो अकरा महिने
क्लबाच्या शेडमध्ये होता, गवत कापायच्या यंत्रांशेजारी.
भाडं घेतलं नाही कुणी.
माळी डेंझिल दर शनिवारी कोरडं फडकं फिरवायचा.
पेट्रोलचा वास अजून गेला नाही त्याचा.

अध्यक्षांनी चष्मा काढला.
म्हणजे तुम्ही बाजूने, की विरुद्ध?

मी तेच विचारायला आलेय, बाई म्हणाल्या.
पियानोला जागा क्लबानं दिली,
मला तुम्ही बिल दिलंत.
आता त्यांचं घर चाललंय.
त्यांना तुम्ही काय देणार, ते ठरवा,
पण ठरवताना माझ्याकडे बघून ठरवा.
आणि बसल्या. खुर्ची करकरली.

कुणी बघितलं नाही.
हॅरपसुद्धा नाही; ते नकाशाची सुरळी करत होते,
रबर सापडत नव्हतं.

चार बाजूने, चार विरुद्ध. अध्यक्षांचं मत राखून.
विषय तहकूब, पुढची सभा सहा आठवड्यांनी.
समुद्राला कळवलेलं नाही.

मी लिहिलं: श्रीमती स्टॅमर यांनी प्रश्न विचारला.
खोडलं. पुन्हा लिहिलं. तेच.

गुरुवारी टपालात निळं पाकीट होतं,
तेविसावा हप्ता, तारखेच्या दोन दिवस आधी.
पावती मीच फाडली.