साठ की आठ

नान्नांचा फोन बटणांचा. त्यात फोटो जात नाही.
म्हणून मी विडी घरकुलातून आकडे वाचते
आणि ते अशोक चौकामागच्या शेडमध्ये,
सोळा मागांच्या मधोमध बसून
पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात.
भोक म्हणजे दोरा वर. भोक नाही म्हणजे दोरा खाली.
एक पत्ता, एक आडवा धागा.
असे तीनशे चौऱ्याऐंशी, तेव्हा चादरीवर एक मोर.

"साठ," मी म्हणते.
खटाक् खटाक् खटाक्.
"आठ?"
"साठ! सहा दाहे!"
"सोळा दाहे?"

पहिल्या दिवशी ठरलं, मी सांगायचं, त्यांनी परत म्हणायचं.
पण परत म्हटलेलंही त्याच वाटेनं येतं,
त्याच खडखडाटातून.
मी "नाही" म्हणते, त्यांना "घाई" ऐकू येतं
आणि ते भराभर पाडत सुटतात.
हो ला हो, त्या हो ला पुन्हा हो.
कुठल्या हो वर थांबायचं?

कॉलेजात शिकले होते, शेवटी एक खूण जोडावी,
सम की विषम.
फोनवर "विषम"चं नुसतं विष उरायचं,
म्हणून आम्ही म्हणतो जोडी. किंवा एकटा.

पत्राला एवढं पुरलं असतं.
पण ते मधेच सांगतात लाल सूत किती उरलंय,
त्यावर मी पिसारा आखडते,
त्यावर ते कडेचा रंग बदलतात.
माझी ओळ त्यांच्या ओळीवर उभी, त्यांची माझ्या.
एक पत्ता हुकला
की पुढचे सगळे बरोबर असूनही चूक.

तसंच झालं. माझा दोनशे बारावा, त्यांचा दोनशे अकरावा.
मी म्हटलं, टाका सगळं, पहिल्यापासून करू.
"खुळी का काय तू?
कापड कधी पहिल्यापास्नं फाडत्यात व्हय?
दोन धागे उकल. जुळंना? चार उकल.
जुळंना? आठ.
जुळलं की तितनं पुढं."

शाळा चौथीत सुटलेली त्यांची.
आमच्या सरांना हेच सिद्ध करायला अख्खा फळा लागला होता.

आता दर दहा पत्त्यांनी आम्ही सगळ्या भोकांची बेरीज ताडतो,
शेवटचे दोन आकडे फक्त.
चुकूनही जुळू शकतात.
क्वचित. तेवढा धोका माग चालवणाऱ्यानं धरायचाच असतो.

अम्मा सिव्हिलमध्ये शेवटचं काहीतरी बोलली,
मास्कमधून, यंत्राच्या पीं पीं मधून.
नान्नांनी ऐकलं नीळ्ळु, आणि पाणी आणायला धावले.
मी ऐकलं इल्लु. घर.
परत विचारायला वाट नव्हती.
त्या पत्त्यापासून आम्ही दोन चादरी विणतोय.
ते म्हणतात, मला पोचायला उशीर झाला.
मी म्हणते, आपण तिला घरी आणलं नाही.

दोन धागे उकलले. चार.
आदल्या रात्रीचा डॉक्टर काय म्हणाला, नाही जुळत.
आठ.
त्या सकाळी तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला
वर्तमानपत्राचा कागद घेऊन
विडीचं पान कसं कापायचं ते शिकवलं,
आणि बाईचं वाकडं पान बघून खोकेपर्यंत हसली.
"हसली," मी म्हणते.
"हसली," नान्ना म्हणतात.
इथपर्यंत बेरीज एक येते.

मग लाईट जाते.
सोळाही माग एकदम गप्प,
फोन इतका स्वच्छ की त्यांचा श्वास ऐकू येतो,
बाहेर कुणाची तरी सायकल.
आणि सवयीनं ते अजून ओरडतातच,
"दोनशे तेरा! बोल की!
जोडी, का एकटा?"

थांबा, मी म्हणते,
मोजालेय.